अनादी देवाचे ओवीकार : फादर थॉमस स्टीफन्स

आषाढ महिन्यात संत ज्ञानेश्वरांची पालखी पंढरीच्या वाटेवर फलटण मुक्कामी येते. त्या दिवसांत गावात जिकडे तिकडे ओवी आणि अभंगांचा स्वर असतो. सातारा जिल्ह्यातील हे जुने संस्थानी गाव महानुभाव पंथीयांचेही मोठे तीर्थस्थान आहे. पंचकृष्णांपैकी श्रीचक्रपाणी येथेच जन्मले, अशी त्या पंथाची श्रद्धा आहे. काही वर्षांपूर्वी पालखीच्याच सुमारास फलटणमधील एका कॅथलिक कुटुंबाच्या घरी आमचे जाणे झाले. रोझरीची प्रार्थना आटोपली, चहा झाला आणि घरातील नऊ-दहा वर्षांचा मुलगा आमच्याजवळ येऊन बसला. शाळेतील मित्राने त्याला एक प्रश्न विचारून निरुत्तर केले होते. सारे जग देवाने निर्माण केले असेल, तर देवाला कोणी निर्माण केले? त्यात मुलाने स्वतःची एक शंका जोडली होती. येशू बेथलेहेमात जन्मला आणि पवित्र मरिया ही देवमाता आहे, तर मग त्यापूर्वी देव नव्हता काय?

आजीबाईंनी नातवाला दटावले. फादरांना असले प्रश्न विचारू नयेत, असे त्यांचे म्हणणे पडले. आणि आम्ही? आम्ही हसून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पहिल्या कम्युनियनची तयारी नीट कर, मोठा झालास की कळेल, असे सांगून विषय संपवला. मुलाने मान खाली घातली. परतीच्या वाटेवर ती खाली गेलेली मान आमच्या डोळ्यांसमोरून हलेना. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाची आणि ईशज्ञानाची अनेक वर्षे घालवली होती, आणि एका बालकाच्या सरळ प्रश्नाला आमच्यापाशी थट्टेखेरीज काही निघाले नव्हते.

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मराठीत चारशे वर्षांपूर्वीच दिले गेले आहे, आणि तेही फलटणच्या वाटेवर वारकरी जी ओवी गातात त्याच ओवीच्या छंदात. ते देणारा धर्मगुरू जन्माने इंग्रज होता. ख्रिस्तपुराणाचे कर्ते म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. शालेय पुस्तकांमुळे त्यांनी केलेली मराठी भाषेची स्तुतीही अनेकांच्या कानावर आहे. परंतु देवाविषयीचे एखादे उत्तर खरे कशामुळे ठरते, हा प्रश्न या माणसाच्या आयुष्यात किती वेळा आणि किती कठोरपणे उभा राहिला, याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणून आज त्यांचे जीवन या अंगाने पाहावे असे आम्हांस वाटले.

राजाज्ञा आणि सत्य

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुशटन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. ज्या देशात हे बालक जन्मले तेथे देवाविषयी काय मानावे हे राजवाड्यात ठरत असे. १५३४ साली राजा आठवा हेन्री याने रोमशी नाते तोडले. त्याचा पुत्र सहावा एडवर्ड याच्या काळात देश प्रोटेस्टंट मताचा झाला. १५५३ साली राणी मेरी गादीवर आली आणि कॅथलिक धर्म परत आला. त्याच राणीच्या कारकिर्दीत सुमारे तीनशे प्रोटेस्टंट स्त्री-पुरुषांना जाळण्यात आले, हेही आपण लपवू नये. १५५८ साली एलिझाबेथ राणी झाली आणि पुन्हा सारे उलटले. १५५९ च्या कायद्याने मिस्सा बंद झाली. रविवारी सरकारमान्य उपासनेला गैरहजर राहणाऱ्यास बारा पेन्स दंड ठरला.

पंचवीस वर्षांत चार वेळा उत्तर बदलले. पण ज्याच्याविषयी उत्तर द्यायचे तो देव तर बदलला नव्हता. विचारी तरुणाला येथे एक गोष्ट कळून चुकते. उत्तरामागे राजमुद्रा असली म्हणून ते खरे होत नाही आणि राजमुद्रा काढून घेतली म्हणून ते खोटे होत नाही.

तरुणपणी स्टीफन्स यांना थॉमस पाउंड नावाच्या श्रीमंत कॅथलिक गृहस्थाचा सहवास लाभला. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरवले. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच निसटले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी रोम येथील संत अँड्र्यू यांच्या नावाने चालणाऱ्या नवशिक्यांच्या मठात ते येशूसंघात दाखल झाले. तुरुंगातील मित्राचा त्यांना विसर पडला नाही. पाउंड यांनाही संघात घ्यावे अशी विनंती त्यांनी संघप्रमुखांकडे केली आणि ती मान्य झाली.

रोमन महाविद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. येशूसंघाच्या अभ्यासक्रमात संत थॉमस अक्वायनस यांच्या विचाराला मानाचे स्थान होते. या आचार्यांनी सत्याची व्याख्या मोजक्या शब्दांत केली आहे. बुद्धीत जे आहे ते वस्तुस्थितीशी जुळणे म्हणजे सत्य. विहिरीत पाणी आहे असे कोणी म्हटले, तर ते म्हणणे खरे की खोटे हे विहीर ठरवते. सांगणाऱ्याचा हुद्दा, त्याचा गोड आवाज किंवा ऐकणाऱ्याची इच्छा यांवर ते ठरत नाही. इंग्लंडमधून पळून आलेल्या तरुणाला ही व्याख्या पुस्तकी वाटली नसावी. तिची किंमत त्याचा मित्र कोठडीत मोजत होता.

गोव्यातील आगमन

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या कार्याने भारलेल्या अनेक तरुण येशूसंघीयांप्रमाणे स्टीफन्स यांनीही भारतात पाठवण्याची मागणी केली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून त्यांचे जहाज निघाले आणि आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. भारतात येऊन स्थायिक झालेले ते पहिले ज्ञात इंग्रज होत. १० नोव्हेंबर रोजी त्यांनी वडिलांना प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. पुढे ते रिचर्ड हॅकलुइट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले आणि इंग्लंडमध्ये आवडीने वाचले गेले.

१५८० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतरचे जवळजवळ सारे आयुष्य त्यांनी साष्टी महालात, मडगाव, राशोल आणि भोवतालच्या गावांत, काढले. लोक त्यांना पाद्री एस्तेव्हांव म्हणत. त्यांनी कोंकणी शिकली, मराठी शिकली. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची मनापासून प्रशंसा केली आणि त्यांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांच्या घडणीशी मिळतीजुळती असल्याचे नोंदवले. सर विल्यम जोन्स यांचे संस्कृतविषयीचे सुप्रसिद्ध निरीक्षण याच्या दोनशे वर्षे नंतरचे, १७८६ सालचे आहे.

परंतु या गोव्यात त्यांच्यासाठी एक कठीण वळण वाट पाहत होते. ज्या इंग्लंडमधून ते निघाले तेथे सत्ता त्यांच्या विरुद्ध होती. ज्या साष्टीत ते आले तेथे सत्ता त्यांच्या बाजूची होती. पोर्तुगीजांनी १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली होती. जुने धर्मग्रंथ बाळगण्यास बंदी होती. सक्तीच्या धर्माचा काच स्वतः सोसलेला माणूस आता अशा राज्यात धर्मगुरू होता, जेथे तोच काच दुसऱ्यांना लागत होता. चरित्र लिहिताना हा विरोध झाकून ठेवणे सोपे आहे, पण तो झाकला तर स्टीफन्स यांनी पुढे जे केले त्याचे मोल आपणांस समजणार नाही.

कुंकळ्ळीचा दिवस

स्टीफन्स यांच्या समकालीनांत फादर रुडॉल्फ अक्वाविवा हे इटालियन येशूसंघीय होते. १५८० ते १५८३ या काळात ते फत्तेपूर सिक्री येथे अकबर बादशहाच्या दरबारी होते. तेथे निरनिराळ्या धर्मांच्या पंडितांचे वाद चालत. असे वाद कसे मिटवावेत, असा प्रश्न निघाला तेव्हा अग्निपरीक्षेची कल्पना पुढे आली. दोन्ही पक्षांनी आपापला धर्मग्रंथ हाती घेऊन आगीत शिरावे, जो वाचेल त्याचा धर्म खरा. फादर रुडॉल्फ यांनी त्यास नकार दिला. देवाची परीक्षा पाहणे हे पाप आहे, ही त्यांची भूमिका होती. आम्हांस त्यात आणखी एक शहाणपण दिसते. आगीतून कोण वाचला यावरून आगीविषयी आणि वाचणाऱ्याविषयी काही कळेल. देव एक आहे की नाही, तो अनादी आहे की नाही, हे त्यावरून कसे कळावे?

१५८३ च्या जुलै महिन्यात हेच फादर रुडॉल्फ चार संघबंधूंसह साष्टीतील कुंकळ्ळी गावी गेले. चर्चसाठी जागा पाहण्याचा हेतू होता. देवळांच्या विध्वंसाने दुखावलेल्या गावकऱ्यांनी त्यांना घेरले आणि पाचही जण मारले गेले. त्यांच्याबरोबर काही ख्रिस्ती सोबतीही मरण पावले. त्यांचे देह परत मिळवून राशोल येथे त्यांचा दफनविधी करण्याच्या कामात फादर स्टीफन्स होते. त्यानंतर पोर्तुगीज सत्तेने सूड घेतला. कुंकळ्ळीच्या गावकरांना असोळणे येथील किल्ल्यात ठार करण्यात आले. ख्रिस्तसभेने १८९३ साली त्या पाच येशूसंघीयांना धन्यवादित घोषित केले. कुंकळ्ळीचे लोक आपल्या मृत गावकरांचेही स्मरण आदराने करतात.

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. रक्तसाक्षीचे मरण आम्हां ख्रिस्ती लोकांना पवित्र आहे. ते त्या माणसाच्या निष्ठेची आणि प्रेमाची साक्ष देते. परंतु मरणाने निष्ठा सिद्ध होते, सिद्धांत सिद्ध होत नाही. असोळण्यास मेलेले गावकरही आपल्या श्रद्धेशी निष्ठावंतच होते. देवाविषयीचे उत्तर खरे ठरायचे असेल, तर ते तलवारीने ठरत नाही आणि तलवारीखाली मेल्यानेही ठरत नाही. ते देव जसा आहे त्याच्याशी जुळावे लागते, आणि जुळते की नाही हे शांतपणे, समजेल अशा भाषेत, पुन्हा पुन्हा मांडावे लागते. आपल्या बांधवांचे देह मातीआड करणाऱ्या स्टीफन्स यांच्या मनात त्या दिवशी काय आले हे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पुढील तीन तपे त्यांनी काय केले, ते मात्र आपल्यासमोर आहे. त्यांनी लेखणी धरली.

पुराणाची मागणी

ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच त्याच्या जन्माची कथा आली आहे. बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण पाद्रींना विनवितो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत काही द्या, म्हणजे आम्हांलाही दिवसाकाठी वाचावयास व ऐकावयास काही मिळेल. ही मागणी नम्र आहे, पण तिच्यात एक आरोपही दडलेला आहे. जुने उत्तर काढून घेणे म्हणजे नवे उत्तर देणे नव्हे. रिकामी जागा रिकामीच राहते. स्टीफन्स यांना हे ऐकू आले, हीच त्यांची थोरवी.

त्यांनी साधे धर्मशिक्षणाचे पुस्तकही रचले. प्रश्नोत्तरांच्या रूपातील ती कोंकणी ख्रिस्ती धर्मतत्त्वे त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली राशोल येथे छापली गेली. त्यांचे कोंकणीचे व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले. पण त्यांची सारी शक्ती पुराणात उतरली. दोन भाग, पहिल्यात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरू म्हणजे अध्याय, एकूण १०,९६२ ओव्या. पहिल्या भागात विश्वाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. १६१६ साली हा ग्रंथ राशोल येथे छापला गेला. मराठी अक्षरांचे खिळे उपलब्ध नसल्याने तो रोमन लिपीत छापावा लागला. देशी लिपीत छापता यावे अशी त्यांची फार इच्छा होती आणि १६०८ साली रोमला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती बोलूनही दाखवली होती. ती त्यांच्या हयातीत पूर्ण झाली नाही.

ते गोव्यात आले तेव्हा पैठणला संत एकनाथ हयात होते. ज्ञानेश्वरांपासून एकनाथांपर्यंत जी ओवी महाराष्ट्राने घडवली, तीच या परदेशी धर्मगुरूने उचलली. तिच्याबरोबर शब्दही उचलले, आणि येथेच फलटणच्या त्या मुलाच्या प्रश्नाकडे आपण परत येतो.

अनादी म्हणजे काय

पुराणाच्या प्रारंभीच्या नमनात स्टीफन्स परमेश्वराला अनादिसिद्ध म्हणतात, अविनाशी आणि अमर म्हणतात. हे शब्द त्यांनी लॅटिनमधून ओढून आणले नाहीत. मराठी माणूस ते आधीच ओळखत होता. देवाला आरंभ नाही, हे सांगण्यासाठी या भूमीची भाषा तयार होती. तरी शब्द ओळखीचा असला म्हणजे अर्थ तोच असतो असे नाही. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ अनादी मानले आहेत. आमच्या फलटणच्या शेजाऱ्यांचा तो गंभीर विचार आहे आणि त्याचा आम्ही आदर करतो. ख्रिस्ती शिकवण याहून वेगळी आहे. तिच्या मते अनादी एकच. देवदूत, मानव, आकाश, पृथ्वी, काळ हे सर्व त्याने शून्यातून निर्माण केले. म्हणूनच स्टीफन्स नमनानंतर लगेच निर्मितीच्या कथेकडे वळतात. अनादी या शब्दाला ती कथा ख्रिस्ती अर्थ देते.

मग देवाला कोणी केले? हा प्रश्न विचारताना आपण नकळत देवाला केलेल्या वस्तूंच्या रांगेत बसवतो. मडके कुंभाराने केले, कुंभार आईबापांमुळे झाला, आईबाप त्यांच्या आईबापांमुळे. या रांगेच्या टोकाला देव उभा आहे आणि त्याच्याही मागे कोणी असावे, असे चित्र मनात उभे राहते. ख्रिस्ती आचार्य सांगतात की देव रांगेतील पहिला नव्हे. सारी रांग ज्याच्यामुळे आहे तो देव.

दुसरी चूक त्याहून सूक्ष्म आहे. आपल्याकडे एखादी मूर्ती आपोआप प्रकटली असे मानले तर तिला स्वयंभू म्हणतात. देवानेही असेच स्वतःला निर्माण केले असावे, असे काहींना वाटते. तेही खरे नव्हे. स्वतःला निर्माण करण्यासाठी निर्माण होण्यापूर्वी असावे लागेल, आणि ते अशक्य आहे. देव झालाच नाही, तो आहे. जळत्या झुडपातून मोशेला जे नाव कळले त्याचा रोखही असण्याकडेच आहे, होण्याकडे नाही. संत थॉमस अक्वायनस तर आणखी पुढे जातात. जगाला काळात आरंभ होता हे केवळ बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते आपण श्रद्धेने जाणतो, असे त्यांचे मत होते. पण जग सदैव असते तरी त्याला असण्यासाठी देव लागलाच असता. स्टीफन्स यांच्या शब्दात ही दोन्ही अंगे आहेत. अनादी म्हणजे ज्याला आरंभ नाही. सिद्ध म्हणजे जो दुसऱ्या कोणाच्या आधाराने उभा नाही.

राहिली मुलाची दुसरी शंका. ती तर ख्रिस्तसभेइतकीच जुनी आहे. चौथ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील एरियस नावाच्या धर्मगुरूने शिकवले की पुत्र हा पित्याची निर्मिती आहे आणि एके काळी तो नव्हता. उत्तर तर्काला सोपे होते, लोकांना पटतही होते. ३२५ साली निकेया येथे जमलेल्या महागुरूंनी ते नाकारले. पुत्र पित्यापासून जन्मतो, पण तो घडवलेला नाही, आणि त्या जन्माला काळाचा आरंभ नाही. या धर्मसभेला २०२५ साली १७०० वर्षे पूर्ण झाली, आणि दर रविवारी मिस्सामध्ये आपण तोच विश्वास उच्चारतो. तोच अनादी पुत्र काळाच्या ओघात मरियेच्या उदरी मानव झाला. ४३१ साली इफेसस येथील धर्मसभेने मरियेला देवमाता म्हटले, ते देवत्वाचा उगम तिच्यापासून झाला म्हणून नव्हे. तिने ज्याला जन्म दिला तो देवच आहे म्हणून. ख्रिस्तपुराणाचे दोन भाग हेच सांगतात. पहिल्याच्या नमनात अनादी देव आहे आणि दुसऱ्यात गोठ्यातील बालक. देव एकच आहे.

येथे संत ऑगस्टिन यांची आठवण होते. जग निर्माण करण्यापूर्वी देव काय करीत होता, असे कोणी विचारले असता एकाने चेष्टेने म्हटले की तो असे खोल प्रश्न विचारणाऱ्यांसाठी नरक तयार करीत होता. ऑगस्टिन यांनी हा विनोद नोंदवला आणि आपण असे उत्तर देणार नाही असे स्पष्ट केले. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणे त्यांना अधिक बरे वाटले. मग त्यांनी विचार केला आणि सांगितले की काळही देवानेच निर्माण केला, म्हणून त्यापूर्वी असा शब्दच तेथे लागू होत नाही. फलटणच्या घरी आम्ही त्या थट्टेखोर माणसाच्या बाजूला बसलो होतो, हे आम्हांस कबूल केले पाहिजे.

अखेर आणि नंतर

फादर थॉमस स्टीफन्स १६१९ साली गोव्यातच देवाघरी गेले. चाळीस वर्षांत ते मायदेशी परतले नाहीत. त्यांच्या पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ आणि १६५४ साली निघाल्या. पण १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषांच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. ज्या सत्तेच्या छायेत हा ग्रंथ जन्मला, तिनेच त्याच्या भाषेवर घाला घातला. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही पुराण जगले. कोणत्याही राजाज्ञेविना, हस्तलिखितांच्या आधाराने, गोव्यात आणि मंगळूरकडील ख्रिस्ती घरांत ते गायिले जात राहिले. १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथे ते पुन्हा छापले. १९५६ साली प्राध्यापक शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. १९९६ साली फादर कॅरिडाड द्रागो यांची देवनागरी आवृत्ती निघाली. १६०८ सालची ती इच्छा साडेतीन शतकांनी पूर्ण झाली.

या इतिहासातून आम्हांस एक बोध होतो. भाषेने उत्तर खरे होत नाही; ते लॅटिनमध्येही खरे होते. पण मराठी ओवीत आल्यामुळे ते साष्टीच्या माणसाच्या स्वतःच्या मनात तपासता येऊ लागले. सक्तीने माणूस मान तुकवतो, समजून घेत नाही. समजल्यावर तो नाकारूही शकतो, आणि म्हणूनच त्याचा होकार खरा होकार ठरतो. स्टीफन्स ज्या काळात होते त्या काळाच्या दोषांपासून ते पूर्ण मुक्त होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु देवाचे सत्य समजावून देण्याच्या लायकीचे आहे आणि साधा माणूस ते समजण्याच्या लायकीचा आहे, या दोन गोष्टींवर त्यांचा विश्वास होता. दहा हजार ओव्या त्याशिवाय लिहून होत नाहीत.

पुढच्या खेपेस फलटणला गेलो तेव्हा आम्ही त्या मुलाला मुद्दाम जवळ बोलावले आणि आधी त्याची माफी मागितली. मग त्याला नीरा उजव्या कालव्याकडे नेले. उसाच्या शेतात पाणी येते ते चारीतून, चारीत येते कालव्यातून, कालव्यात येते वीर धरणातून. चाऱ्या कितीही लांबवल्या तरी चारी पाणी निर्माण करीत नाही. ती केवळ पुढे देते. जगातील प्रत्येक वस्तूला असणे दुसऱ्याकडून मिळते, म्हणून कोठेतरी असा एक हवा, जो कोणाकडून घेत नाही आणि सर्वांना देतो. मुलाने थोडा विचार केला आणि म्हणाला की धरणातही पाणी पावसाचेच येते. आम्ही त्याला सांगितले की तुझे बरोबर आहे. धरणही घेणारेच आहे आणि आमचा दाखला तेथे संपतो. देवासारखे दुसरे काही नाही, म्हणून त्याच्याविषयीचा प्रत्येक दाखला कोठेतरी संपतोच. दाखला संपला म्हणून सत्य संपत नाही. मुलाचे समाधान पुरते झाले की नाही आम्हांस सांगता येत नाही, पण या वेळी त्याची मान वर होती. आजीबाईही सारे लक्षपूर्वक ऐकत होत्या.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या घरातील मुले असे प्रश्न विचारतील तेव्हा त्यांना दटावू नका. उत्तर येत असेल तर त्यांच्या भाषेत द्या. येत नसेल तर तसे सांगा आणि आपल्या धर्मगुरूंकडे या. खऱ्या देवाला आपल्या मुलांच्या प्रश्नांचे भय नाही. ज्याला आरंभ नाही आणि अंत नाही, तो परमेश्वर आपणां सर्वांना सत्य जाणण्याची ओढ आणि ते प्रेमाने सांगण्याची वाणी देवो.